विश्रामबाग: सांगलीची उंचावरची वस्ती

श्रोतेहो, नमस्कार. सांगलीहून मिरजेकडे निघालेल्या शहर बसने पुष्पराज चौक ओलांडला की थोड्याच वेळात विश्रामबाग लागते. मुख्य रस्त्यावरची दुकाने सोडून आत वळले की झाडांआडून बंगल्यांची फाटके दिसू लागतात. सांगलीचा सुखवस्तू माणूस इथे का स्थिरावला, याचे उत्तर मला जागांच्या भावापेक्षा जमिनीच्या उंचीत अधिक सापडते.

गावभाग, हरभट रोड ही जुनी सांगली कृष्णेला बिलगून वाढली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले; धोक्याची पातळी आहे ४५ फूट. पेठेतली दुकाने पाण्याखाली असताना विश्रामबागेचा बहुतांश भाग कोरडा होता आणि गावातली कित्येक कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी इकडच्या नातेवाइकांकडे येऊन राहिली होती.

पैशाआधी इथे विद्या आली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चे, तर आज वालचंद म्हणून ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे. या दोन ऐसपैस आवारांच्या आसपास प्राध्यापक, डॉक्टर, वकील यांनी प्लॉट घेतले आणि एकेक कॉलनी उभी राहिली.

आतल्या गल्लीतला एखादा जुना बंगला पाहावा. चहूबाजूंनी मोकळी जागा, फाटकाशी जास्वंद, परसात नारळ, आणि खांबावर आईच्या नावाची संगमरवरी पाटी; तिच्याखाली मालकाचे आडनाव बारीक, पदव्या मात्र ठळक. (हा माझा मत्सर समजावा.)

मुले पुण्याला किंवा परदेशी गेली, म्हाताऱ्या माणसांना जिना चढवेना, की असा बंगला बिल्डरकडे जातो आणि एका कुटुंबाच्या प्लॉटवर आठ-दहा कुटुंबे राहायला येतात. रस्ते मात्र सायकली आणि एखाद्या स्कूटरच्या हिशेबाने आखलेले. इमारतीखाली पार्किंग असले तरी घरातली दुसरी गाडी रस्त्यावरच लागते, आणि समोरून शाळेची बस आली की कोणाला तरी चौकापर्यंत गाडी मागे घ्यावी लागते. दोन्हीकडे कंपाउंडच्या पक्क्या भिंती असल्यामुळे रुंदीकरणाला वाव नाही. एकेरी वाहतूक करता येण्याजोगी आहे. पण ती शेजारच्या गल्लीत व्हावी, आपल्या गल्लीत नको, याबद्दल मात्र सर्व गल्ल्यांचे एकमत आहे.