गाडीच्या विम्यात 'लीगल कव्हर' टाकायचं का? आधी कंपनीचा वकील कोणाचा ते समजून घ्या

(कॅमेऱ्याकडे बघून, हातात पॉलिसीची प्रिंट)

नमस्कार मंडळी. मागच्या दोन व्हिडिओंखाली एकच प्रश्न फिरू लागलाय. "विमा रिन्यू करतोय, लीगल कव्हर टाकू का?" नांदेडवरून तेच, जालन्यावरून तेच. कोणाला एजंटनं सांगितलं, कोणाला इंग्लंडातल्या भाच्यानं, तर कोणाला अ‍ॅपवर पैसे भरायच्या आधी एक टिक दिसली. गंमत अशी की हे तिघं तीन वेगळ्याच गोष्टींबद्दल बोलू लागलेत.

बेसिक पटकन उरकू. थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. नसला तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. समोरच्याचा जीव गेला किंवा इजा झाली तर भरपाईला वरची मर्यादा नाही. मालमत्तेचं नुकसान खासगी कारला साडेसात लाखांपर्यंत. हे सगळ्यांना माहीत आहे, चला पुढं.

आधी भाच्याचं घेऊ. इंग्लंडात हे कव्हर, म्हणजे वकिलाचा खर्च देणारा विमा, मुख्यतः कशासाठी घेतात? चूक समोरच्याची असेल तर आपल्या विम्यातून न मिळालेले पैसे, म्हणजे खिशातून भरलेला वाटा, भाड्याच्या गाडीचा खर्च, दुखापतीची भरपाई, हे त्याच्याकडून वसूल करायला. तिथं त्याला अर्थ आहे. आपल्याकडं १,५०० सीसीपर्यंतच्या कारला क्लेममध्ये खिशातून भरायचा सक्तीचा वाटा १,००० रुपये, त्यावरच्या कारला २,०००. हजार रुपयांसाठी उसाच्या ट्रॉलीवाल्यावर दावा कोण लावणार? आपलं खरं नुकसान होतं नो क्लेम बोनसचं. ५० टक्के सूट चढलेली असते, एक क्लेम घेतला की शून्य. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता १०,००० असेल तर ५,००० रुपयांचा फटका तिथंच. त्याला औषध एनसीबी प्रोटेक्शन, म्हणजे क्लेम घेऊनही हा नो क्लेम बोनस टिकवणारं अ‍ॅड-ऑन. त्यात वकिलाचा काही संबंध नाही.

आता एजंटवाले. लातूरच्या एका दादांनी फोटो पाठवलाय, पॉलिसीवर लिहिलंय 'लीगल लायबिलिटी टू पेड ड्रायव्हर, आयएमटी २८', ५० रुपये. एजंट म्हणाला, "बघा, लीगल कव्हर टाकलं." नाही हो दादा! हे पगारी ड्रायव्हरला काम करताना इजा झाली किंवा तो गेला, तर मालक म्हणून तुमच्यावर जी भरपाई येते, तिचं कव्हर आहे. जीएसटी धरून ५९ रुपये. गाडीवर पगारी माणूस असेल तर डोळे झाकून घ्या. पण ड्रायव्हरचं नाव आणि पगाराची नोंद ठेवणं ही त्याच कव्हरची अट आहे, ती कोणी सांगत नाही. आपल्याकडं पगार रोख, वही नाही, सही नाही. मग अपघातानंतर तो तुमच्याकडं नोकरीला होता हे दाखवणार कशावरून? यूपीआयनं द्या, नाहीतर वहीत सही घ्या. आणि पोरगा किंवा भाऊ गाडी चालवत असेल तर तो पेड ड्रायव्हर नाही, त्याला हे लागू नाही.

आणि तिसरी ती टिक. अ‍ॅपवरची 'लीगल असिस्टन्स' बऱ्याचदा विमाच नसते, मेंबरशिप असते. ओळखायचं कसं? विम्याच्या प्रत्येक अ‍ॅड-ऑनला यूआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो पॉलिसीच्या कागदावर छापलेला असतो. तो नसेल तर तुम्ही विमा घेतला नाही, फोनवर सल्ला देणारी सेवा घेतली.

बरं, आता मुद्द्याचं. तुमच्या साध्या पॅकेज पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान दोन्ही धरणाऱ्या विम्यात, वकिलाचं काही आहे का? आहे. लायबिलिटीच्या भागात दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक, कंपनीच्या लेखी संमतीनं झालेला खर्च कंपनी देईल. दोन, कंपनी 'स्वतःच्या मर्जीनं' कोर्टात तुमचा बचाव हाती घेऊ शकते. मर्जीनं, हा शब्द पेनानं अधोरेखित करा. कंपनीनं तो केलाच पाहिजे, असं तिथं लिहिलेलं नाही.

अपघातात कोणी जखमी झालं की दोन गाडे सुरू होतात. एक फौजदारी: भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, इजा असेल तर १२५, मृत्यू असेल तर १०६ चं पोटकलम १. यातलं १०६(१) जामीनपात्र आहे, त्यामुळं "आता जेल" म्हणून घाबरून पळू नका. पळाल्यानं उलट सगळं बिघडतं. जामीन, आणि ठाण्यात अडकलेली गाडी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्टाला हमी लिहून देऊन, सोडवायचा अर्ज, याला वकील लागतो आणि तो सहसा तुमच्या खर्चानं. दुसरा गाडा भरपाईचा, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. विमा कंपनी खरी तिथं उतरते.

आणि इथंच लोक फसतात. समन्स येतं, माणूस म्हणतो, "विमा आहे ना, कंपनीचा वकील बघून घेईल," आणि समन्स कपाटात. ऐका. कंपनीचा वकील कंपनीचा असतो. तुमचा नसतो.

पटत नाही? समन्ससोबतचा अर्ज उघडा. वर जखमी अर्जदार, खाली सामनेवाला क्रमांक १ गाडीमालक, सामनेवाला क्रमांक २ विमा कंपनी. वेगळे नंबर. दोघांचं म्हणणं वेगळं दाखल होतं, दोघांचं वकीलपत्र वेगळं. तुम्ही गेलाच नाहीत तर तुमच्याविरुद्ध दावा एकतर्फी चालतो. मग कंपनी मोटार वाहन कायद्याच्या कलम १७० खाली परवानगी मागून मालकाचे मुद्देही स्वतः मांडू शकते, पण तिला सोयीचे तेवढेच मांडेल.

आता हेच पैशाच्या बाजूनं बघा. कंपनीच्या वकिलाचं पहिलं काम म्हणजे पॉलिसीची अट मोडली होती का ते शोधणं. ड्रायव्हरचं लायसन्स बनावट होतं का, त्या वर्गाचं होतं का. पांढऱ्या पाटीची गाडी तुळजापूरला भाड्यानं नेली होती का. अट मोडल्याचं सिद्ध झालं तर न्यायाधिकरण बऱ्याचदा म्हणतं, कंपनीनं जखमीला आधी द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं. 'पे अँड रिकव्हर' म्हणतात ते हेच. ती वसुली कलम १७४ नं जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते. शेती असलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आणि तेच तिसऱ्यांदा सांगतो, कारण कमेंट येणारच: "मी लायसन्स बघून ठेवलं होतं, मग मला काय भीती?" बघितलं होतं, मान्य. कोर्टात सांगितलं कोणी? सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा स्वर्ण सिंग निकाल सांगतो की लायसन्समध्ये दोष निघाला एवढ्यावर कंपनी मालकाविरुद्ध सुटत नाही. मालकानं काळजी घेतली नाही हे कंपनीनं दाखवायचं असतं. म्हणजे तुमच्याकडं उत्तर आहे! पण ते मांडायला तिथं तुमचा माणूस हवा. लायसन्सचा फोटो, ड्रायव्हर ठेवताना केलेली ऑनलाइन तपासणी, पगाराची वही, हे घेऊन कैफियत, म्हणजे तुमचं लेखी म्हणणं, दाखल करणारा. कंपनीचा वकील हे तुमच्या वतीनं मांडणार नाही. त्याचा पगार कोण देतं ते आठवा.

म्हणून लीगल कव्हर घ्यायचं तर ते याच कामाला यायला हवं. विकणाऱ्याला सरळ विचारा: न्यायाधिकरणात माझ्या स्वतंत्र वकिलाची फी देता का? वकील मी निवडणार की तुम्ही? फौजदारी केस आणि सुपूर्तनामा धरलाय का? रकमेची मर्यादा किती? आणि कोणत्या जिल्ह्यात? हा शेवटचा प्रश्न फालतू नाही. कलम १६६ नुसार दावा अपघाताच्या ठिकाणी, अर्जदार राहतो तिथं किंवा सामनेवाला राहतो तिथं लावता येतो. गाडी हिंगोलीची, अपघात बीडजवळ धुळे–सोलापूर रस्त्यावर, जखमी पुण्याचा. समन्स पुण्याचं आलं तर तारखेला तुम्हीच पुण्याला. या पाच प्रश्नांना लेखी, पटणारं उत्तर मिळालं, गाडी ड्रायव्हर चालवतो आणि जिल्हे ओलांडून फिरते, तर काहीशे रुपये द्यायला माझी हरकत नाही. उत्तर 'आमचे तज्ज्ञ फोनवर मार्गदर्शन करतील' असं आलं, तर ते पैसे डिझेलला ठेवा. घरची गाडी, चालवणारे तुम्हीच, लायसन्स चोख, तर मला तरी त्याची गरज वाटत नाही.

त्याऐवजी पॉलिसीवरची एक ओळ बघा, यावर माझं डोकं फिरतं. 'टीपीपीडी', म्हणजे समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचं कव्हर. तिथं साडेसात लाख हवेत. काही जण हप्ता कमी दाखवायला ते ६,००० वर आणतात. वाचतात किती? कारला वर्षाला १०० रुपये. आणि उद्या कोणाच्या नव्या एसयूव्हीला किंवा रस्त्याकडेच्या दुकानाला गाडी धडकली की ६,००० च्या वरचं सगळं तुमच्या खिशातून. लीगल कव्हरचा विचार करणारा माणूस ही ओळ वाचत नाही, कमाल आहे राव.

धाराशिवच्या एका ताईंनी विचारलंय, वकिलाला पैसेच नसतील तर? जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. आणि भांडण खुद्द विमा कंपनीशीच असेल, क्लेम नाकारला वगैरे, तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर आपल्या मराठवाड्यासाठी पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय. ५० लाखांपर्यंतची तक्रार, फी नाही, आणि तिथं वकील चालतच नाही.

आता अपघाताच्या दिवशीचं. रस्त्यावर "चूक माझीच, घ्या वीस हजार" असं लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली किंवा तडजोड करायची नाही, ही पॉलिसीची अट आहे. जखमीला दवाखान्यात न्या, ती माणुसकीही आहे आणि कलम १३४ खाली कर्तव्यही. त्याच कलमानं पोलिसांना २४ तासांच्या आत कळवायचं, आणि कंपनीलाही लेखी: पॉलिसी क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, जखमींची माहिती, ड्रायव्हरचं नाव आणि लायसन्सचा तपशील. पुढं कधीही समन्स किंवा नोटीस आली की सगळी पानं स्कॅन करून त्याच दिवशी कंपनीला मेल करा, आणि एक प्रत शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या. शाखेतला माणूस "ठेवून जा, बघतो" म्हणाला तरी शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.