फॅन बदलण्याआधी स्कॅनर लावा

गाडी सिग्नलला उभी राहिली की तापमानाचा काटा वर चढतो, धावायला लागली की खाली उतरतो. हे लक्षण दिसलं की संशय रेडिएटरच्या फॅनवर जातो, आणि तो रास्तच आहे. वेगात समोरून येणारी हवा रेडिएटरला पुरते. उभ्या गाडीत सगळी भिस्त फॅनवर. पण म्हणून लगेच फॅन बदलायला घेऊ नका.

फॅन स्वतःच्या मर्जीने फिरत नाही. सेन्सर कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळवतो, ईसीयू रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) हुकूम देतो, तेव्हा कुठे मोटरला करंट मिळतो. यातलं काहीही बिघडलं तरी बाहेरून दिसतं एकच: थांबलेला फॅन. बिघाड हुकुमाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे स्कॅनर, म्हणजे ईसीयूशी बोलणारं यंत्र, काही मिनिटांत सांगतो.

स्टिअरिंगखालचं हे 16 पिनांचं सॉकेट स्कॅनरसाठी. स्कॅनर जोडला, इग्निशन ऑन केलं, इंजिन बंदच. मेनूमधून ॲक्टिव्ह टेस्ट, म्हणजे स्कॅनरवरून हुकूम देऊन भाग चालवून बघायची सोय, उघडायची. नुसते फॉल्ट कोड वाचणाऱ्या साध्या रीडरमध्ये ही सोय बहुधा नसते. आणि हात, बाही, सैल वायर पात्यांपासून लांब ठेवा. इंजिन बंद असलं तरी हुकूम मिळताच फॅन फिरणार.

आधी लो स्पीड. ऐका... रिलेचा टक्, मागोमाग पात्यांची घरघर. आता हाय. आवाज चढलाच पाहिजे. काही गाड्यांत लो स्पीडला दोन फॅन सिरीजमध्ये चालतात, म्हणजे एकाचा करंट दुसऱ्यातून जातो. एकाची मोटर जळाली की लोवर दोन्ही गप्प, हायवर मात्र एकच फिरतो. हा खेळ माहीत नसेल तर चांगला भाग उगाच बदलला जातो.

फॅन फिरला? मग मोटर, फ्यूज, रिले ठीक. आता स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये (सेन्सरच्या चालू आकड्यांत) कूलंटचं तापमान बघा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत तो आकडा बाहेरच्या हवेच्या आसपास हवा. उणे 40 दिसलं, तर सेन्सरचं सर्किट तुटलंय. कूलंट कमी असेल तर सेन्सर कोरडा पडतो; आकडा कमी दिसतो आणि इंजिन उकळत राहतं. पण पातळी बघायला गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

फॅन फिरलाच नाही? स्क्रीनवर 'ऑन' आलं म्हणजे ईसीयूला हुकूम दिला गेला, एवढंच. तो मोटरपर्यंत पोहोचला, असं नाही. रिले वाजत नसेल तर रिलेचा सप्लाय आणि ईसीयूकडून येणारी वायर तपासा. पी0480 (फॅनच्या कंट्रोल सर्किटचा) फॉल्ट कोड असेल तर तोही इथेच बोट दाखवतो. रिले वाजतोय पण फॅन गप्प, तर फॅनच्या कनेक्टरच्या दोन पिनांवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावून टेस्ट पुन्हा चालवा. मल्टीमीटर जळक्या पिनेवरही 12 व्होल्ट दाखवू शकतो, कारण तो करंट ओढतच नाही. बल्ब ओढतो. लख्ख पेटला, तर मोटर गेली. मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर फ्यूज, रिलेचे पॉइंट, जळके कनेक्टर, अर्थिंग बघा.

दुरुस्ती झाली की कोड पुसा आणि इंजिन उभ्यानेच गरम होऊ द्या. बऱ्याच गाड्यांत 95 ते 105 अंशांच्या दरम्यान फॅन लागतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. फॅन आपोआप सुरू होऊन तापमान उतरेपर्यंत नजर स्कॅनरवरच ठेवा.