नळीला कोणती गोळी रुचते?

नमस्कार मंडळी. नेमबाजीसाठी रायफल घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'कोणत्या कंपनीची घेऊ?' गोळीचं कोणी विचारत नाही. मी आज गोळीपासूनच सुरुवात करतो.

शिकारीचं आधी उरकून टाकू. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीच्या रायफली कपाटात गेल्या. तुमच्यापैकी कोणाच्या गावच्या घरी आजोबांची .315 बोअरची, म्हणजे नळीचा आतला व्यास .315 इंच असलेली रायफल असेलही. तिची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. लष्करी बोअरची काडतुसं लोकांच्या हाती पडू नयेत, ही इंग्रजांची काळजी. म्हणून ली-एनफिल्ड या लष्करी रायफलीच्याच सांगाड्याला 8 मिलिमीटरचं निराळं काडतूस दिलं गेलं, आणि पुढे ईशापूरच्या कारखान्यातून ती रायफल निघत राहिली. म्हणजे आधी काडतूस ठरलं, मग बंदूक! अशी वारशाची रायफल लायसन्सवर चढवून घेतलीत तरी नळीवर कोरलेलं बोअर आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का ताडून बघा. 'जवळपास तेवढंच आहे' हा हिशेब इथे जीवावर बेततो. चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, जाणकार कारागिराकडून तपासून घ्या.

आता आपल्या कामाची .22. पॅरिसला 2024 साली स्वप्निल कुसाळेने ब्राँझ मिळवलं ते याच बोअरवर. 50 मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं; आपल्या शर्टाच्या बटणाएवढं. इथे गंमत सुरू होते. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं काडतूस, फक्त लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, वेगळा, आणि ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, पसरतो. शिसं, वंगण, बारूद, काडतुसाच्या बुडाच्या कडेची जाडी यांत केसभर फरक पडला की तुमच्या नळीला तो कळतो. शेजारच्या लेनवरच्या नळीला कळेलच असं नाही. म्हणून दुसऱ्याचा लॉट डोळे झाकून घेऊ नका.

चाचणी अशी करा. रायफल टेकूवर पक्की बसवा, वारा पडलेला असू द्या. नळी नुकतीच साफ केली असेल तर पहिले काही बार मोजूच नका. शिशाचा आणि वंगणाचा थर बसेपर्यंत ती भरकटते. मग एका लॉटचे दहा बार, कागद बदला, पुढचा लॉट. एखादा सुंदर ग्रुप बघून हुरळू नका, तोच लॉट पुन्हा मारा. जमला तर परवडेल तेवढा उचला, कारण तो लॉट संपला की संपला. आणि वेगाच्या मागे लागू नका. आवाजाहून वेगवान निघालेली .22ची गोळी वाटेत त्या वेगाखाली येताना डगमगते. म्हणून टार्गेटची काडतुसं मुद्दाम मंद असतात.

एअर रायफलवाल्यांना हेच लागू. पेलेटच्या, म्हणजे शिशाच्या छऱ्यांच्या डबीवर 4.49, 4.50 असं छऱ्याच्या डोक्याचं मिलिमीटरमधलं माप असतं. तीन-चार मापं मागवून बघा. आपल्या दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते, तेव्हा डबी घट्ट बंद ठेवा.

रायफल? गाल आपोआप टेकला, डोळा मान न वळवता साइटच्या रेषेत आला, की ती तुमची. रंग, नाव नंतर. वजनदार घ्यायचा मोह होतो, पण 10 मीटरच्या एअर रायफलला 5.5 किलोची मर्यादा आहे, आणि उभं राहून ते पेलायचंय तुम्हालाच.

आता विचारा काय विचारायचं ते. लायसन्स किती दिवसांत मिळेल, एवढं सोडून!