फेजिंग लाइन किती सेंटीमीटर कापायची?

नमस्कार मंडळी! स्पेस स्टेशन ऐकायच्या अँटेनाच्या मागच्या व्हिडिओखाली सगळे एकच विचारून राहिले: "दादा, फेजिंग लाइन किती सेंटीमीटर कापू?"

आधी बेसिक, पटकन. एकाच बूमवर, म्हणजे मधल्या दांड्यावर, दोन यागी (आडव्या दांड्यांचे अँटेना), एकमेकींना काटकोनात. दोघींना सारखी पॉवर, पण एकीला पाव तरंग उशिरा, म्हणजे ९० अंश मागे. झालं सर्क्युलर पोलरायझेशन, म्हणजे गोल फिरत जाणारी लहर. स्पेस स्टेशनचा आवाज मध्येच बुडत नाही. उशिरासाठी ५० ओहम केबलचा पाव तरंग, हीच फेजिंग लाइन. मॅचिंगसाठी, म्हणजे दोन्ही यागी मिळून एकाच ५० ओहम केबलला जुळाव्यात म्हणून, ७५ ओहमचे पाव तरंगाचे दोन तुकडे. पुढे.

आता लांबी. स्पेस स्टेशनच्या १४५.८ मेगाहर्ट्झला हवेत पाव तरंग ५१.४ सेंटीमीटर. केबलमध्ये लहर हवेपेक्षा हळू जाते; किती पट, तो व्हेलॉसिटी फॅक्टर. भरीव पॉलिथीनच्या केबलचा ०.६६, म्हणून ३३.९. फोमवाली ०.८२ ची असेल तर ४२.१. तीच फोमवाली ३३.९ वर कापली, तर ९० ऐवजी ७२ अंशच मिळतात! म्हणून आधी केबल कोणती ते सांगा, सेंटीमीटर नंतर.

मी स्वतः यात फसलोय. नागपूरच्या बर्डी बाजारातून केबल आणली, ०.६६ धरून कापली आणि मे महिन्याच्या उन्हात दोन रविवार गच्चीवर एलिमेंट (यागीच्या दांड्या) सरकवत बसलो. एसडब्ल्यूआर (अँटेना केबलला किती जुळला त्याचं माप) एकदम छान! पण एसडब्ल्यूआर फेज सांगत नाही हो. शेवटी केबल सोलली, तर आत फोम.

म्हणून छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, मोजा. नमुन्याचा तुकडा चार सेंटीमीटर जास्तच ठेवा. नॅनो व्हीएनए (अँटेना-केबल मोजायचं छोटं यंत्र) केबल जिथे जोडणार तिथेच कॅलिब्रेट करा; मग तुकडा जोडा, त्याचं दुसरं टोक उघडं. पाव तरंगाची उघडी लाइन इकडून शॉर्ट दिसते, यंत्रावरच्या गोल आलेखाच्या, म्हणजे स्मिथ चार्टच्या, डाव्या टोकाला. ती जागा आधी १४५.८ च्या खाली सापडेल; दोन-दोन मिलिमीटर छाटत वर आणा. मग जाळीची (केबलच्या बाहेरच्या विणलेल्या तारांची) लांबी मोजा, ५१.४ ने भागा. हा तुमच्या केबलचा खरा फॅक्टर. ५० आणि ७५ ओहमचा वेगवेगळा काढा, नवीन बंडल आणलं की पुन्हा.

एका भावाने लिहिलं, "मोजून कापली, तरी चुकली." फोटो पाहिला, तर दोन्हीकडे सोललेली तारसुद्धा लांबीत धरलेली! लाइन म्हणजे जाळी सुरू होते तिथून जाळी संपते तिथपर्यंत. सोलायची तार वेगळी, जास्तीची. इथे एक सेंटीमीटर गेला की अडीच अंशांवर फेज गेली.

आणि ७५ ओहमसाठी डिशची केबल घेताना जाळी बघून घ्या. ॲल्युमिनियमची असली तर साधं सोल्डर धरतच नाही.

सगळं जोडून लहर फिरण्याची दिशा उलटी आली, तर केबलला हात लावू नका. एकाच यागीच्या ड्रिव्हन एलिमेंटवरची (केबल जोडलेल्या दांडीवरची) दोन टोकं अदलाबदल करा.