शेवटचा टाका मोकळा

नमस्कार मैत्रिणींनो. आणि घरात रेडिओ मोठ्यानं लागलाय म्हणून नाइलाजानं ऐकणाऱ्या भाऊजींनो, तुम्हालाही.

मागच्या आठवडी बाजारात दारव्ह्याला लोकरीच्या दुकानात एक आजीबाई भेटल्या. पिशवीत पिवळ्याजर्द लोकरीचे आठ गोळे. मी विचारलं, "कोणासाठी वं आजी?" म्हणाल्या, "नातसुनेला दिवस गेलेत माय. सुयटर विणतो." कितवा महिना, तर चौथा लागला. मी बोटांवर मोजलं. आत्ता कार्तिक. म्हणजे बाळ येणार चैत्र-वैशाखात. म्हटलं, "आजी, वैशाखात लेकराले सुयटर घालता काय?" आजी क्षणभर गप्प झाल्या, मग खदखदून हसल्या. "हे तं ध्यानातच नाई आलं!"

हसायला मलाही आलं, कारण हाच उद्योग मी माझ्या थोरलीच्या वेळी करून बसले होते. दिवाळीपासून विणायला घेतलं. पूर्ण बाह्यांचा स्वेटर, गोंड्याची टोपी, मोजे, सगळं एका रंगाचं. लेक झाली मे महिन्यात. वर टिनाचं छप्पर, कूलर चालू आणि लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. आपल्याकडे चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४६-४७ ला टेकतो, आमच्या गावात त्याच्याहून दोन अंश कमी, एवढाच काय तो दिलासा. स्वेटर ट्रंकेत गेला. थंडी आली तेव्हा लेक सात महिन्यांची. गळ्यातून डोकंच जाईना! शेवटी तो शेजारच्या पोरीच्या भावलीला झाला.

तर लोकर घेण्याआधी दिवस मोजा. बाळ पौष-माघात येणार असेल तर लोकर घ्या, जन्मल्या दिवसाच्या मापानं विणा. बाळ उन्हाळ्यात येणार असेल आणि स्वेटर विणायचाच असेल, तर तो पुढच्या थंडीच्या मापाचा विणा. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाची छाती साधारण ४५ सेंटीमीटर भरते. स्वेटरचा घेर ५० धरा आणि गळ्याला खांद्यावर बटणपट्टी ठेवा, म्हणजे माझ्यासारखं व्हायचं नाही.

मग उन्हाळ्याच्या बाळासाठी हातांनी करायचं काय? सुती दोरा. आपण कापूस पिकवणारी माणसं, आणि लेकरासाठी मात्र नायलॉनसारखी चकचकीत लोकर आणतो, याचं मला नेहमी नवल वाटतं. आजोबांचं जुनं, शंभर वेळा धुतलेलं धोतर असेल ना घरात, त्याच्याइतकं मऊ कापड दुकानात मिळत नाही. त्याची झबली शिवा, आणि कडेला क्रोशानं एक बारीक जाळीची पट्टी विणा. पट्टी घेराला, गळ्याला नको. गळ्याशी ती टोचते, आणि बाळाला ते सांगता येत नाही.

आता कापूस वेचायचे दिवस आहेत, त्यामुळे एक अडचण सगळ्यांनाच येते. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं ओरबाडलेली असतात. रात्री क्रोशा हातात घेतला की दोरा बोटाच्या भेगेत अडकतो, ओढला की त्याचा पीळ सुटतो, आणि पांढऱ्या दोऱ्यावर काळी रेघ उमटते. मी काय करते, चिमूटभर साखर नि थोडं खोबरेल तळहातावर घेऊन बोटं चोळते, कोमट पाण्यानं धुते, पुसून कोरडी करते, मगच दोऱ्याला हात लावते. तेल लावून तसंच विणायला बसू नका. दोरा मळतो आणि त्याला वास लागतो.

टोपीचं माप बऱ्याच जणी विचारतात. नवजात बाळाचं डोकं साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर घेराचं असतं. टोपी डोक्यावरून सुरू करायची. पाच साखळ्यांचं कडं, त्यात १२ खांब, म्हणजे क्रोशाचे उंच टाके. पुढच्या प्रत्येक फेरीत १२ खांब वाढवत जायचे, म्हणजे २४, मग ३६. कितीपर्यंत? इथे खांब मोजू नका, पट्टी लावा. तुमची लोकर जाड, माझी बारीक, तुमचा हात सैल, माझा घट्ट, खांबांचा आकडा जुळायचा नाही. तुमची ही गोल चकती आडवी १० ते साडेदहा सेंटीमीटर भरली की वाढवणं थांबवा. रुंदीच्या तिपटीहून थोडा जास्त म्हणजे घेर, शाळेत शिकलेलं गणित एवढ्यासाठीच कामी आलं माझ्या. पुढे सरळ फेऱ्या. वरून कडेपर्यंत १४ सेंटीमीटर झालं की मुक्या खांबाची, म्हणजे बुटक्या टाक्यांची एक फेरी, झाली टोपी. हनुवटीखाली बांधायचे बंद लावू नका, झोपेत ते गळ्याशी आवळू शकतात. मोजे विणाल तर आतली बाजू उलटून बघा, सुटलेला एक धागा लेकराच्या पायाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

दुकानदार "लोकर" म्हणून देतो ते बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असतं. वाईट नाही, स्वस्त पडतं, धुवायला सोपं. पण ओळखायचं कसं? एक तुकडा चिमट्यात धरून पेटवा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटानं चुरते. सुती दोरा कागदासारखा जळतो. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि गार झालं की काळा कडक मणी होतो. हा मणी डोळ्यांसमोर ठेवा, कारण आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते. त्या शेगडीची ठिणगी अ‍ॅक्रिलिकवर पडली तर ते लेकराच्या कातडीला चिकटतं. शेगडीचा धूर बाळाला चांगला नाही, ते वेगळंच.

हिवाळ्याच्या बाळाला टोपी-मोजे केवळ शोभेचे नसतात. गडचिरोलीत डॉक्टर राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, नवजात बाळाची घरच्या घरी देखभाल सुरू केली. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. बाळाला ऊब देणं हा त्यातला एक धडा होता. आज आशाताई येतात, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. वजन करतात, ताप बघतात. त्यांना टोपी दाखवा, लाजू नका. आणि बाळाला गरम होतंय का, हे हातापायांवरून ठरवू नका, ते गारच लागतात. पोटाला, पाठीला हात लावा. घाम असेल तर एक कपडा काढा.

आता त्या बायांसाठी, ज्यांच्या घरी म्हणतात की, लेकरू येण्याआधी त्याचं काही करू नये. माझी मोठी माय अशीच होती. मी पहिल्यांदा क्रोशा हातात घेतला तेव्हा ती म्हणाली, "विण ना, कोण नाई म्हणते. पण लेकरू याच्या आंधी पुरं करू नको वं. शेवटचा टाका मोकळा ठेव. लेकरू हातात आलं का मंग आवळजो." तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. पुढे कळलं, ही पद्धत कामाची आहे. बाळ लहान वजनाचं आलं तर टोपी मोठी होते. शेवटची फेरी मोकळी असेल तर दोन फेऱ्या उसवून माप जुळवता येतं, दोरा तोडून गाठ मारली की ते जमत नाही. मोकळ्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे पिशवीत तो सुटत नाही. फक्त बाळाच्या डोक्यावर चढवण्याआधी पिन काढायला विसरू नका. हे मी दोनदा सांगते, काढायला विसरू नका.

माझ्या भाचीला पौष महिना दिलाय डॉक्टरांनी. तिच्यासाठी टोपी घेतली आहे, गुलाबी नाही, निळी नाही, तुरीच्या फुलासारखी पिवळी. चकती साडेदहा सेंटीमीटर भरली काल रात्री, आता सरळ फेऱ्या चालू आहेत. पिन शोधते आहे, सगळ्या पिना साडीला लागलेल्या असतात. नमस्कार.