सोन्याला दुर्गंध

आजचा जाहीर विषय ‘रेणूंतून वाहणारी वीज’ असा आहे आणि त्याकडे मी येणार आहेच. परंतु त्याआधी ज्या पदार्थामुळे हा विषय उभा राहिला त्या थायॉलच्या, म्हणजे टोकाला गंधक असलेल्या कार्बनी रेणूच्या, वासाविषयी बोलणे भाग आहे. आपल्याकडे भाग्याची परिसीमा सांगताना ‘सोन्याला सुगंध’ म्हणतात; आम्हा भौतिक-रसायनाच्या लोकांच्या वाट्याला मात्र नेमके उलटे आले. सोन्याच्या स्वच्छ पृष्ठभागाशी गंधकाचे घट्ट नाते जुळते आणि गंधकयुक्त थायॉलांच्या विरल द्रावणात सोन्याचा पातळ मुलामा चढवलेली काच रात्रभर बुडवून ठेवली, की रेणू आपण होऊन शेजारी शेजारी, सुमारे तीस अंश कलून, एका रेणूच्या जाडीचा थर रचतात. 1983 साली नुझो आणि अलारा यांनी डायसल्फाइडांचे, म्हणजे दोन गंधक अणू एकमेकांना जोडलेल्या रेणूंचे, असे थर सोन्यावर दाखवले. सोन्यावर गंज चढत नाही, आणि हवेतला जो मळ बसतो तो गंधक बाजूला सारतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफांना सोन्याचा हा गुण माझ्याइतका आवडेल की नाही, याची मला शंका आहे.

आता वास. विद्यार्थिदशेत मी चार कार्बनांचे थायॉल दिवसभर हाताळून पाषाणहून बसने घरी निघालो, तेव्हा विद्यापीठाच्या चौकाअलीकडे एक आजी उठून म्हणाल्या, “कुणाचा सिलिंडर गळतोय का?” त्यांचे चुकले नव्हते, कारण स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसल्याने त्यात याच कुळातले मर्कॅप्टन (थायॉलचेच जुने नाव) मिसळतात आणि ते हवेत अब्जांश प्रमाणात असले तरी नाकाला कळते. कंडक्टरने बस थांबवली, सगळे उतरले, सामान तपासले गेले. मीही उतरून मनोभावे शोध घेतला. दुसऱ्या दिवसापासून मी जेमतेम वास येणाऱ्या सोळा कार्बनांच्या थायॉलवर काम सुरू केले. लांब साखळ्यांचे थर अधिक सुबक रचले जात असल्याने माझ्या मार्गदर्शकांनी या निवडीचे कौतुक केले आणि मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा थोडक्यात सांगतो. एकच रेणू डायोडचे, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या घटकाचे, काम करील, ही कल्पना अविराम आणि रॅटनर यांनी 1974 मध्ये मांडली. पण प्रत्यक्षात मोजतो ती केवळ रेणूची वाहकता नसते, रेणू धातूला जिथे जुळतो त्या सांध्याचीही असते, हे माझे जुने गाऱ्हाणे आहे. सरळ कार्बनसाखळीत एकेक कार्बन वाढवला की पुंजयामिकीय सुरंगनाचा, म्हणजे इलेक्ट्रॉन अडथळ्यातून आरपार जाण्याने होणारा, प्रवाह साधारण एक-तृतीयांशावर येतो, इतपत हिशेब जमतो. खालचा सांधा रेणू स्वतः जुळवतात. वरचा आपण जुळवायचा असतो, आणि त्यासाठी थरावर सोन्याची वाफ धरली तर ती थरातील छिद्रांतून खाली उतरते. मग एकच छिद्र लाखो रेणूंपेक्षा जास्त वीज वाहून नेते! 2003 मध्ये शू आणि ताओ यांनी सोन्याचे टोक पृष्ठभागाला टेकवून पुन्हा मागे ओढण्याचा प्रयोग हजारो वेळा करून आकड्यांचा आलेख काढला, कारण गंधक सोन्याच्या कोणत्या अणूंवर बसला यानुसार प्रत्येक खेपेस उत्तर बदलते. दोन्ही टोकांना गंधक असलेल्या बेंझिनडायथायॉल या एकाच रेणूसाठी निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे दहापटींहूनही अधिक वेगळे आले आहेत.

थर दिलेली एक काच मी सोबत आणली आहे. तिच्यावर पाण्याचा थेंब अळूच्या पानावर राहावा तसा गोळा होऊन राहतो, तो जाताना पाहून जावा. सोळा कार्बनांचा थर आहे. बसमध्ये कोणी उठणार नाही.