पाऊस जास्त झाला, एवढ्यावर रेल्वे जबाबदारीतून सुटत नाही

(दृश्य : भुसावळजवळचा लोहमार्ग, भर दुपार)

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. रूळ त्याहून कितीतरी जास्त तापतो. आताचे रूळ सलग वेल्ड केलेले, दर सांध्याला फट नाही. पसरायला जागा नाही म्हणून ताण आतच साठतो, आणि खडी सैल असेल तिथे रूळ बाजूला फेकला जातो. थंडीत उलटं : रूळ आखडतो, वेल्डजवळ तडकतो. म्हणून ट्रॅकमनची (रुळांची निगा राखणाऱ्याची) गस्त उन्हाळ्यात टळटळीत दुपारी, हिवाळ्यात पहाटे आणि पावसाळ्यात रात्री.

(दृश्य : रात्र, पाऊस, हातबत्ती)

वाघूर नदी फुगली की पुलाच्या खांबावरची धोक्याची रेघ आधी बघायची. भरावाची माती सुटलेली दिसली, तर गाडी येणार त्या दिशेला पळायचं. ६०० मीटरवर एक फटाका, १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटरवर, रुळाला बांधलेले. चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर ब्रेक लावतो.

बीट, म्हणजे आपल्या वाट्याची गस्तीची हद्द, संपली की पुढच्या गड्याशी पेट्रोलबुक (गस्तीची वही) बदलायचं. त्यात स्टेशनमास्तरची सही, वेळेसकट. भिजून फुगलेली ही वही उद्या पुरावा ठरू शकते.

कारण गाडी घसरून प्रवासी दगावला, तर १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १२४ चूक कोणाची हे विचारतच नाही. मृत्यूची भरपाई २०१७ पासून ८ लाख. चौकशीला येणारा रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाचा नसतो, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीतला असतो. ऐकायला गमतीचं, पण बरंच आहे.

(दृश्य : सावदा स्टेशन, केळीची भराई)

मालाचं गणित वेगळं. पुराचं पाणी वॅगनमध्ये शिरलं, केळी सडली. कलम ९३ नैसर्गिक आपत्तीची सवलत देतं, पण पुरेशी दूरदृष्टी आणि काळजी दाखवली होती हे रेल्वेनंच सिद्ध करायचं. गस्त झाली होती का, इशारा मिळाला होता का, वॅगन तिथे उभी का ठेवली? मात्र माल मालकाच्या जोखमीच्या दराने पाठवला असेल, तर हलगर्जीपणा दाखवायचं ओझं व्यापाऱ्यावर. दर कमी दिसला की बाकीचं कोण वाचतो!

आणि दावा करायचा, तर माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून सहा महिन्यांत रेल्वेला लेखी नोटीस गेली पाहिजे. रावेरच्या व्यापाऱ्यालाही, निंभोऱ्याच्या शेतकऱ्यालाही.